वडिलांकडचे रक्त

महाड,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

बायजावन्सं,

हे पत्र लिहायला मला एकाच गोष्टीने भाग पाडले आहे, ती आधी सांगते. ओंकारचा रक्तदाब एकशे नव्वदच्या खाली येत नाही, आणि मुंबईच्या डॉक्टरांना त्याच्या वडिलांकडच्या माणसाचे रक्त तपासायला हवे आहे. सुनील राहिला नाही. तुमचे आईवडील केव्हाच गेले. उरलात तुम्ही एकट्या.

सतरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमच्या वाडीत फोन लागत नाही, आणि लागला असता तरी दोघींपैकी एकीने तिसऱ्या वाक्याला ठेवून दिला असता. म्हणून रावजीच्या दुधाच्या टेम्पोतून हे पत्र पाठवते आहे.

ओंकार आता एकतीस वर्षांचा आहे. एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. जूनमध्ये कंपनीच्या तपासणीत त्याचा दाब सापडला. तीन गोळ्या चालू झाल्या, तरी उतरेना. रक्तातले पोटॅशियमही कमी. मी त्याला अळणी डबा दिला, आणि फरक पडेना तेव्हा त्याला तोंडावर खोटारडा म्हटले, कॅन्टीनमध्ये चोरून खातोस म्हटले. त्याच्या वडिलांनी काय केले होते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. आता कंपनीने त्याला अनफिट ठरवून घरी बसवले आहे. सुनीलच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणतात, हा मुलगा तिथवरही पोचणार नाही.

महाडचा डॉ. नागसेन माझा जुना विद्यार्थी. त्यानेच आम्हाला मुंबईला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवले. पहिली तपासणी वाया गेली. सकाळी आठचे रक्त सांगितले होते आणि आमचे चिरंजीव तेव्हा अजून कामावर जात होते, ते नाइट शिफ्ट संपवून थेट लॅबमध्ये गेले. शरीराची रात्र-सकाळ उलटी झालेली, आकड्यांचा अर्थ लागेना. दुसऱ्या खेपेला ताणाचे हार्मोन फार वाढलेले निघाले. जनुकात एक बदलही सापडला. हा बदल याआधी कुठेच नोंदलेला नाही, त्यामुळे आजार त्याच्यामुळेच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या रक्तात तो नाही. म्हणजे बहुधा सुनीलकडून आला, पण सुनीलचे सगळे कागद एकवीसच्या पुरात गेले.

तुमच्या रक्तात तोच बदल निघाला आणि तुम्हालाही तोच त्रास असला, तर औषध सुरू करता येईल. औषध स्टिरॉइड आहे, म्हणून खात्रीशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. पंधरा तारखेला, शुक्रवारी सकाळी पोलादपूरच्या लॅबमध्ये रक्त घेतील. हो किंवा नाही, एवढे कळवा.

संजीवनी


माळाची वाडी,
९ नवंबर

वयनी,

तुमचं पत्र रावजीनं दिलं. तीन येळा वाचलं. वरपासून खालपर्यंत "कशा हात" कुठं गावलं नाय. रावजी बोलला, "काकी, शाळेची नोटीस आली काय?"

दादाच्या तेराव्याला तुमी सगळ्या वाडीसमोर काय बोलला व्हतात, ते मी इसरले नाय. "ह्या बायनं खारं सुकट चारून चारून भावाला मारला." असंच बोललात. तवा माझं सुकट वाईट, आता माझं रक्त चांगलं?

पण ओम्यासाठी रक्त काय मागता, किडनी मागा. लहान व्हता तवा सुट्टीत यायचा तर त्याला खांद्यावर घेऊन मी म्हशी राखल्यात. "आत्ते, तू दमलीस का," इचारायचा आणि खाली काय उतरायचा नाय. येते मी शुक्रवारी.

फक्त माझ्या रक्तात काय हुडकतात ते मला समजंल असं लिवा. सातवी पास हाय मी, ढ नाय. समजल्याबिगर हात पुढं करायची नाय.

बायजा


महाड,
ता. ११ नोव्हेंबर २०२४

बायजावन्सं,

विचारलेत ते योग्य केलेत. बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, त्यात असे खडसावून विचारणारे विद्यार्थी थोडे भेटले.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. माणूस घाबरला, आजारी पडला, उपाशी राहिला की ती कॉर्टिसॉल नावाचे हार्मोन रक्तात सोडते. साखर कशी वापरायची, चरबी कुठे साठवायची, दाब किती ठेवायचा, हे त्या हार्मोनने पेशींना सांगायचे असते. ते ऐकायला पेशींमध्ये एक ग्राही असतो. त्याला कान समजा. हा कान कसा घडवायचा ते जनुकात लिहिलेले असते. एखाद्या घराण्यात त्या लिखाणात एकच अक्षर बदललेले असते, आणि कान जन्मापासून जड होतो.

तुमच्या म्हशीने हाक ऐकली नाही तर तुम्ही काय करता? आणखी मोठ्याने ओरडता. मेंदू तेच करतो. तो ग्रंथीला जास्त हार्मोन सोडायला लावतो. जड कानाला ते कसेबसे पुरते. पण मूत्रपिंडात दुसऱ्या जातीचा एक कान असतो, तो जड नसतो, आणि हा आरडाओरडा त्यालाही ऐकू जातो. मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, पोटॅशियम सोडून देते, आणि दाब चढतो. माणूस थकलेला राहतो. उपाशी राहिला तर काहींना घाम येऊन चक्कर येते.

मुंबईच्या डॉक्टर म्हणाल्या, या जनुकात लहानसहान फरक पुष्कळांत असतात. कोणाचे वजन थोडे वाढते, कोणाचा दाब जरा वर राहतो, त्यापलीकडे काही नाही. ओंकारचा फरक त्यातला आहे की विरळा आणि मोठा, हे तुमच्यावरून कळेल.

आणखी एक. ग्रंथीला सारखे हाकलल्यामुळे पुरुषी हार्मोनही जास्त तयार होते. बायकांना हनुवटीवर केस येतात, पाळी चुकते, मूल राहत नाही. हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला तुम्ही आठवलात. आता विचारते, आणि राग आला तरी उत्तर द्या. तुम्हाला दाब आहे का, कधीपासून? उपाशी राहून चक्कर येते का? आणि हनुवटीचे काय?

सुकटाबद्दल जे बोलले ते मला तेव्हा खरे वाटत होते. सुनील दर शनिवारी तुमच्याकडे जायचा आणि परतताना त्याच्या पिशवीत सुकटाची पुडी असायची. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

संजीवनी


माळाची वाडी,
१८ नवंबर

वयनी,

रक्त दिलं. लॅबमधली बाय बोलली, "आज्जी, घाबरू नका." मी बोलले, "बाय, रोज पाच म्हशी पिळते, तू एक नस पिळ."

तुमच्या प्रश्नाची उत्तरं लिवते. प्रेशर हाय, चाळिशीच्या आधीपासून. डाक्टरनं मीठ बंद केलं, तवापासून माझ्या चुलीवर समदं अळणी शिजतंय. एकादशी मी कधी धरली नाय, दुपारपर्यंत घेरी येते. लोक बोलतात बायजा नास्तिक हाय.

हनवटीचं एकोणिसाव्या वर्षापासून. दर तिसऱ्या दिशी गोठ्यामागं बसून दाढी करते. वरंधच्या घरातनं मला परत पाठवली ती मूल होत नाय म्हणून, असं आईनं सगळ्यांना सांगितलं. तसं नाय. सासूनं मला एकदा गोठ्यामागं बघितली व्हती. दुसऱ्या दिशी माझी पेटी ओसरीवर. दादाला ठाव व्हतं. त्यानं ब्लेडची पाकिटं आणून द्यायची, कागदात गुंडाळून, काय न बोलता.

आता सुकटाचं. दादा माझ्याकडं अळणीच जेवायचा, माझ्यासंगं. पण आमच्यात भाऊ बहिणीच्या दारातनं रिकाम्या हातानं जात नाय. दूध समदं डेअरीला. मग माझ्याकडं द्यायला सुकटाशिवाय काय व्हतं? रविवारी रात्री ते तुमच्या घरी असायचं आणि सोमवारी सकाळी कामावर, एसटीच्या डेपोत. ड्रायव्हर-कंडक्टरला वाटून टाकायचा दादा. खोटं वाटत असंल तर रावजीला इचारा. तवा तो पण डेपोतच व्हता, त्यानं पण खाल्लंय.

तुमी इचाराल तेराव्याला का नाय बोललीस. तेरा दिस तुमी रडला नव्हतात. दगडासारख्या बसून व्हतात, ओम्या तुमच्याकडं बघून भ्यायचा. माझ्यावर ओरडलात आणि मग पयल्यांदा रडलात. म्हटलं, राहू दे. मी काय, डोंगरावर राहते. मला काय लागतंय.

पण लागलं गो वयनी.

बायजा


महाड,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

बायजावन्सं,

रावजीला विचारले. म्हणाला, "मास्तरीणबाई, दादांच्या सुकटाचं कालवण आमच्या घरी चार वर्षं झालंय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. यावर आज मला लिहिता येत नाही. कामाचे लिहिते.

तुमच्या लघवीतले कॉर्टिसॉल मोजायचे आहे. सोबत पाच लिटरचा पांढरा कॅन पाठवते. त्यावर मी तुमचे नाव आणि वय लिहिले आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, सगळी त्यात भरायची. एकदाही बाहेर जाता कामा नये. कॅन थंड ठेवायचा. तुमच्याकडे फ्रीज नाही, तेव्हा झऱ्याच्या पाण्यात बुडवून ठेवा. बुधवारी पहाटे रावजीकडे द्या. तो डॉ. नागसेनकडे पोचवेल.

संजीवनी


माळाची वाडी,
२८ नवंबर

वयनी,

हसू नका. आधी शपथ घ्या.

तुमी सांगितलं तसं समदं केलं. एक थेंब बाहेर नाय. मंगळवारी रानात गेले तर कॅन डोक्यावर घेऊन गेले, शेजारची रंगूबाई बोलली, "बायजा, पाणी कुठं नेतंस गो?" मी बोलले, "डाक्टरला." रात्रभर कॅन झऱ्यात ठेवला. तुमी लिवलेलं नाव पाण्यानं धुऊन गेलं. बुधवारी पहाटे उठले तर म्हस व्यायला लागली. मी गोठ्यात अडकले. कॅन आणून दारात ठेवला आणि आतनंच ओरडले, "रावजी, दारातला कॅन घेऊन जा रे!"

दारात पाच कॅन. चार दुधाचे.

रावजी गडी इमानदार, त्यानं पाचही नेले. महाडच्या डेअरीत झाकण उघडलं आणि मापाड्या ओरडला, "रावजी, ही म्हस आजारी हाय! पयली हिला डाक्टरला दाखव!" गटारात ओतून टाकला. आता माझं दूध आठ दिस घेणार नाय बोलतात. रावजी माझ्याकडं बघत नाय. बायको त्याला इचारते काय झालं, तर सांगत पण नाय.

पारडू झालंय. बरं हाय.

आता दुसरा कॅन पाठवा, पण रावजी नेणार नाय. शपथ घेतलीय त्यानं.

बायजा


महाड,
ता. ३० नोव्हेंबर २०२४

बायजावन्सं,

शपथ घेतली नव्हती, त्यामुळे हसले. ओंकार आतल्या खोलीतून धावत आला. त्याला वाटले मला काहीतरी झाले. पत्र त्याला दिले. जूनपासून तो हसला नव्हता. भिंतीला टेकून हसला, मग दाब वाढेल म्हणून मी त्याला खाली बसवले.

चूक माझी आहे. कॅन पाण्यात ठेवा असे सांगितले आणि नाव शाईच्या पेनाने लिहिले. नववीच्या मुलाने अशी चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभे केले असते. डेअरीच्या मॅनेजरांना भेटून आले. कॅन माझा होता हे सांगितले. सोमवारपासून तुमचे दूध घेतील. रावजीच्या घरी जाऊन त्याच्या बायकोलाही सांगितले.

आता दुसरा मार्ग असा दिसतो की तुम्ही इथे यावे आणि दोन दिवस राहावे. कॅन माझ्या फ्रीजमध्ये राहील, लॅबही चार पावलांवर आहे. पण मी तुम्हाला या घरी बोलवावे एवढा माझा अधिकार राहिलेला नाही, हे मला कळते. सतरा वर्षांत सुनीलच्या वर्षश्राद्धालाही मी तुम्हाला कळवले नाही. तेव्हा ही सूचना नव्हे, विनंती आहे. मला हे लिहायची सवय नाही, म्हणून कोरडे वाटेल.

म्हशी रंगूबाई दोन दिवस पाहतील का? नसतील पाहत तर ओंकार वर येऊन राहील. त्याला दूध काढता येत नाही, पण शिकेल.

संजीवनी


माळाची वाडी,
१२ डिसेंबर

वयनी,

पोचले. रावजी टेम्पोत पुढं बसवून घेऊन आला. कॅन नव्हता म्हणून.

तुमच्या घरी दोन दिस राहिले, आणि तू दोन दिस उभीच. बस बोलले तरी बसायची नायस. ओट्यापाशी उभी, दारात उभी, मी जेवते तर हातात वाढणं घेऊन उभी. मास्तरकीची सवय का माझी भीती, मला कळलं नाय. (तू लिवलं. राहू दे आता.)

अळणी भाकरी तू माझ्यासाठी केलीस आणि तीच तू पण खाल्लीस. ओम्या बोलला, "आई, तू तरी मीठ घे." तू बोललीस, "गप जेव." मी बघत व्हते.

दुसऱ्या दिशी सकाळी दाढीचा तिसरा दिस भरला व्हता. मोरीत लाइट नाय, आरसा लहान. मी पदर तोंडाला लावून बाहेर आले आणि तू काय न इचारता तुझ्या खोलीतला मोठा आरसा आणून खिडकीत धरलास. हलू नये म्हणून दोनी हातानं. माझं होईस्तोवर धरलास. बेचाळीस वर्षांत माझं तोंड कुणाच्या समोर असं उजेडात आलं नव्हतं. तू खिडकीबाहेर बघत व्हतीस. गळ्यापाशी थोडं राहिलं ते तूच सांगितलंस.

आता लिवते. उपकार झाले गो.

ओम्याचा हात धरून बघितला. दादासारखाच गरम. काय निकाल येईल तो लगीच कळव. चांगला नसला तरी कळव.

बायजा


महाड,
ता. ८ मार्च २०२५

बायजावन्सं,

डॉ. नागसेनकडून निकाल तुम्हाला जानेवारीतच कळला, आणि तुमच्याही गोळ्या सुरू झाल्या. तरी माझ्या हातचे सविस्तर पत्र बाकी होते. ओंकारवर औषध लागू पडते की नाही हे कळल्याशिवाय मी लिहायचे नाही असे ठरवले होते. आता कळले आहे.

ओंकारच्या जनुकात जे अक्षर बदललेले आहे, तेच तुमच्यातही आहे. तुमच्या लघवीतले कॉर्टिसॉल निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेच्या चौपट निघाले. डॉक्टर म्हणाल्या, तुमचे नमुने आले नसते तर त्या अजून वर्षभर अंदाज करत बसल्या असत्या. ओंकारला डेक्सामेथासोन सुरू करून सहा आठवडे झाले. ही गोळी मेंदूच्या जड कानालाही ऐकू जाईल इतकी जोरकस असते, आणि मूत्रपिंडाच्या कानाला जवळपास लागत नाही. मेंदू शांत होतो, ग्रंथीही ओरडायची थांबते. काल त्याचा दाब एकशे छत्तीसवर अठ्ठ्याऐंशी होता. पोटॅशियम चार पूर्णांक एक. जुन्या तीनपैकी दोन गोळ्या बंद झाल्या. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला दिवसपाळीसाठी फिट लिहून दिले, सोमवारी तो कामावर गेला. डब्यात चवीपुरते मीठ होते. संध्याकाळी रिकामा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "तपास, कॅन्टीनला गेलो नाही." मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आई, तू आजारी आहेस का?"

ओंकारच्या मुलीत, श्रुतिकात, हा बदल असण्याची शक्यता अर्धी आहे. पाच वर्षांची आहे, उपाशीपोटी एकदा शाळेत भोवळ आली होती. डॉक्टर एप्रिलमध्ये तपासतील. या खेपेला काय पाहायचे ते आम्हाला माहीत आहे. तिला कोणी हट्टी, खादाड किंवा आळशी म्हणणार नाही, आणि पुढे कधी तिच्या हनुवटीवर केस आले तर ती गोठ्यामागे जाणार नाही. हे तुमच्यामुळे.

आता राहिलेले लिहिते. मी जीवशास्त्र घेऊन पदवीधर झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी या घरात आले. तुम्ही तेव्हा वरंधला नांदत होतात. परत आलात तेव्हा मी तुम्हाला पथ्य सांगितले, वजन उतरवा म्हटले, आणि माझ्या मते उपदेश करून मोकळी झाले. सुनीलला आयुष्यभर तोंडाला आवर नाही म्हटले. तो अळणी जेवून यायचा आणि माझी बोलणी खायचा. तुम्हा दोघांपैकी एकानेही कधी उलट उत्तर दिले नाही. तुम्ही सतरा वर्षे माझा आरोप अंगावर घेतलात, मला रडता यावे म्हणून. त्याची परतफेड होण्यासारखी नाही आणि मी ती करायला निघालेली नाही. मी तुमची ऋणी आहे, आणि तशीच राहायला मला आता संकोच वाटत नाही.

माझा मुलगा तुमच्यामुळे जिवंत आहे. हे वाक्य मी या घरात सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटले. तेराव्याला वाडीसमोर बोलले होते, म्हणून वाडीसमोरही म्हणणार आहे. त्यासाठी हे पत्र रावजीकडे न देता स्वतः घेऊन येते आहे.

तुमची
संजीवनी


माळाची वाडी, ता. ९ मार्च २०२५. रंगूबाई, रावजी व वाडीतील इतर मंडळींसमोर बायजावन्संच्या हाती दिले:

डेक्सामेथासोनच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या. घ्यायची वेळ पाकिटावर लिहिली आहे, या खेपेला पक्क्या शाईने.

रक्तदाब मोजायचे यंत्र एक, सेलसह. वापरून दाखवले. पहिला आकडा एकशे बेचाळीस.

"या गोळ्या अचानक बंद करू नयेत" असे मराठीत लिहिलेले कार्ड, प्लॅस्टिकमध्ये, गळ्यात घालण्याच्या दोरीसह.

ओंकारने पाठवलेली साडी एक, हिरवी.

जनुक तपासणीचा अहवाल, पाने चार, मूळ प्रत. झेरॉक्स माझ्याकडे राहील.

देणार: संजीवनी
घेणार: बायजा

वरचं समदं मिळालं. वयनीला दोन दिस ठेवून घेतलीय, बसवून. ती यादीत लिवली नाय.